सीएनसी कोरीवकामासाठी परवडणारं सॉफ्टवेअर: नवशिक्याने कुठून सुरुवात करावी?

नवशिक्या_सुतार

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

लाकडावर पटाशी चालवायचा नाद जुना. आता एक छोटं सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कोरणारं यंत्र) घेतलंय, ३०१८ म्हणतात ते, ३०० बाय १८० मिमीचं. जोडून झालं, मोटरी फिरल्या, सोबत आलेल्या फाइलमधला मासाही कोरून झाला. घरच्यांनी मासा पाहिला, छान म्हणाले आणि विचारलं, "आता पुढे काय?" तिथेच अडलोय.

स्वतःचं काही कोरायचं तर सॉफ्टवेअर कोणतं? दोन रात्री शोधून नावंच पाठ झाली: व्हीकार्व्ह, ॲस्पायर, कार्व्हेको, फ्यूजन, फ्रीकॅड, ईझल, इंकस्केप, एस्टलकॅम, कँडल. एक म्हणतो हेच घे, दुसरा म्हणतो ते घेतलंस तर पैसे पाण्यात.

पहिलं काम ठरलेलं आहे: घराच्या दारावर 'आशिर्वाद' अशी पाटी. मग वेलबुट्टी, आणि हात बसला तर उठावाचं काम. धंदा करायचा नाही, हौस आहे. लॅपटॉप जुना, ८ जीबीचा. खिसा अगदीच रिकामा नाही, पण सहा महिन्यांनी धूळ खात पडेल अशा गोष्टीत पैसे घालायचे नाहीत. फुकटात भागतं का? भागत नसेल तर नेमके कशाचे पैसे मोजायचे?

कुंपणावरचा

मासा झाला म्हणजे पहिला अवतार झाला. पुढचं कासव. घाई करू नका.

चिपलोड

नवशिक्याराव, तुमच्या यादीतली निम्मी नावं एकमेकांशी स्पर्धाच करत नाहीत. गरगरायला होतं ते म्हणूनच.

कामं तीन आहेत. पहिलं, चित्र काढणं: रेषा, अक्षरं, आकार. हे इंकस्केपचं काम. दुसरं, त्या रेषांवरून बिट, म्हणजे कापणारं टोक, कुठून कसं फिरेल, किती खोल जाईल, किती वेगाने जाईल हे ठरवणं. याला टूलपाथ म्हणतात आणि हे करणाऱ्याला कॅम. तिसरं, तयार झालेला जी-कोड, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांची फाइल, ओळीओळीने यंत्राला पाठवणं. तुमच्या यादीतलं कँडल एवढंच करतं. त्याला चित्र काढता येत नाही आणि टूलपाथही काढता येत नाही, तो निव्वळ पोस्टमन आहे.

व्हीकार्व्ह, कार्व्हेको, एस्टलकॅम यांचं मुख्य काम दुसरं, थोडं पहिलंही जमतं. फ्यूजन आणि फ्रीकॅड पहिलं-दुसरं दोन्ही करतात, पण त्यांची घडण यंत्राचे सुटे भाग काढणाऱ्या माणसाची आहे, नक्षी काढणाऱ्याची नाही. ईझल ब्राउझरमध्ये चालतं आणि तिन्ही थोडं थोडं करतं.

आता उलट प्रश्न: तुमच्या यंत्राच्या बोर्डावर काय आहे? ३०१८ वर बहुतेक वेळा जीआरबीएल असतं, म्हणजे जी-कोड वाचून मोटरी हलवणारा प्रोग्रॅम. कँडल जोडलं की पहिल्या ओळीत नाव आणि आवृत्ती दिसते, ती इथे टाका. कंट्रोलर कळल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला घेणं.

नवशिक्या_सुतार

चिपलोड, हे कुणी दोन रात्रींपूर्वी सांगायला हवं होतं. हो, जीआरबीएल १.१एफ असं दिसतंय.

भुसाधारी

मी लाकडाचंच काम करतो, पोटासाठी. म्हणून सरळ सांगतो, पटलं तर घ्या.

व्हीकार्व्ह घ्या आणि मोकळे व्हा. सुरुवातीला मीही फुकटच्या मागे वर्ष घालवलं. चित्र एकात, टूलपाथ दुसऱ्यात, तपासणी तिसऱ्यात, आणि प्रत्येक वेळी फाइल इकडून तिकडे नेताना काहीतरी सांडायचं. व्हीकार्व्हमध्ये अक्षर टाका, बिट निवडा, पडद्यावर लाकूड कोरलेलं पाहा, फाइल काढा. एका बैठकीत काम होतं. एकदा पैसे भरले की घेतलेली आवृत्ती कायमची तुमची, दर महिन्याला हप्ता नाही. वर्षभर नव्या आवृत्त्या मिळतात; त्यापुढे वाटलं तर पैसे भरा, नाहीतर जुनी चालवत बसा.

डेस्कटॉप आवृत्तीत कामाच्या आकाराला ६३५ बाय ६३५ मिमीची मर्यादा आहे. तुमच्या बेडला ती कधी जाणवणारही नाही. ॲस्पायरच्या नादी आत्ता लागू नका. त्यात उठावाचे आकार स्वतः घडवता येतात, पण त्याची किंमत आणि तुमच्या यंत्राची किंमत शेजारी ठेवली तर यंत्राला लाज वाटेल.

चाचणी आवृत्ती फुकट उतरवून घ्या. स्वतःचं चित्र मांडून, टूलपाथ काढून, पडद्यावर कोरून सगळं बघता येतं. जी-कोड मात्र त्यांच्या नमुना फाइलींचाच बाहेर पडतो. शिकायला तेवढं पुरतं.

मुक्तस्रोत_मामा

आला का विकतचा सल्ला! भुसाधारी, तुमच्या धंद्याला ते ठीक. पण हा माणूस हौस म्हणतोय, एक पाटी करायची म्हणतोय, आणि तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी दुकानात उभं केलंत.

फ्रीकॅड. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आधीचा पाथ विभाग आता कॅम या नावाने आहे. पॉकेट (आतला भाग खोल करणं), प्रोफाइल (कडेने कापणं), ड्रिलिंग, व्ही-कार्व्ह, सगळं आहे. जीआरबीएलचा पोस्ट प्रोसेसरही (त्या कंट्रोलरच्या बोलीत जी-कोड लिहिणारा भाग) सोबत येतो. पूर्ण मोफत, आणि उद्या कुणाच्या मनात आलं म्हणून कुलूप लागणार नाही.

हे कुलपाचं उगाच नाही म्हणत. फ्यूजनची वैयक्तिक वापराची परवानगी फुकट आहे म्हणून लोक आनंदात होते. २०२० मध्ये तिच्यात काटछाट झाली. एका वेळी बदल करता येतील अशा १० च फाइली, आणि जी-कोडमधून जलद हालचाल गेली, म्हणजे बिट लाकडाच्या वर हवेत असलं तरी कापायच्याच चालीने चालतं. छोट्या पाटीत फरक पडत नाही. पण मुद्दा असा की फुकट दोन प्रकारचं असतं: एक जे आपलं असतं, आणि एक जे मालकाच्या मर्जीवर असतं.

भुसाधारी

मामा, फ्रीकॅड मीही उघडून पाहिलंय. एक चौकोन काढून त्याला कोपरा गोल करेपर्यंत माझा फेविकॉल वाळला.

मुक्तस्रोत_मामा

१.० च्या आधीचं पाहिलं असेल. आणि फेविकॉल वाळायलाच असतो.

कुंपणावरचा

(खुर्ची ओढून बसलेली बाहुली)

मिमी

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. फ्रीकॅडमध्ये नेमक्या मापाचा खोका किंवा जिग करायचा तर मजा येते. पण नक्षी किंवा सुलेखन करायला बसलात तर ते हट्टाने विचारतं, "या रेषेचं माप किती?" अरे बाबा, ती वेल आहे, तिला माप नाही.

माझा मार्ग: चित्र इंकस्केपमध्ये, टूलपाथ एस्टलकॅममध्ये. एस्टलकॅमची चाचणी आवृत्ती संपत नाही आणि तिच्यात काही कापलेलंही नाही. फक्त फाइल साठवताना थोडं थांबायला लावते, आणि वापराल तसं ते थांबणं वाढत जातं. एके दिवशी आपणच कंटाळून पैसे भरतो. विकण्याची इतकी सभ्य पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

जुनंजाणतं

एवढी चर्चा कशाला? आर्टकॅम घ्या. सगळे कारागीर त्यावरच करतात. पेनड्राइव्हवर कुणाकडेही मिळतं, पैसे लागत नाहीत.

चिपलोड

जुनंजाणतं, ते "मिळतं" म्हणजे कुलूप तोडलेलं मिळतं. आर्टकॅम डेलकॅमचं होतं. २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्री थांबवली. त्याच आर्टकॅमच्या पायावर कार्व्हेको उभं राहिलं. ज्याला आर्टकॅमची सवय आहे त्याने कार्व्हेको बघावं, त्याच्या साध्या आवृत्त्या हप्त्यावर मिळतात. सवय नसणाऱ्याने जुन्या आर्टकॅमपासून सुरुवात करायला काहीच कारण नाही.

जुनंजाणतं

तत्त्वज्ञान ठीक आहे. पण मी दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही.

मिमी

मला झालं. कुणीतरी दिलेल्या अशाच एका प्रतीबरोबर काय काय आलं ते दोन महिन्यांनी कळलं. लॅपटॉप पुसून नव्याने घातला, त्यात माझ्या सगळ्या रेखाटनांवर पाणी. चूक माझीच, दोष कुणाला देत नाही. आणि दुसरं म्हणजे अडलं तर विचारायचं कुणाला? आवृत्ती कोणती म्हणून विचारलं की आपली दातखीळ बसते.

अक्षरवेडी

मंडळी, इतके प्रतिसाद झाले आणि पाटी देवनागरीत आहे याकडे कुणाचंच लक्ष नाही! खरी गोम तिथेच आहे.

कोरीवकामाच्या बऱ्याच प्रोग्रॅममधलं अक्षर टाकायचं साधन रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं असतं. एका अक्षरापुढे दुसरं मांडलं की झालं, असा त्यांचा समज. देवनागरीत पहिली वेलांटी लिहायची नंतर पण दिसायची आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायचा, जोडाक्षरं जुळायची. हे सगळं जुळवणारी यंत्रणा त्या प्रोग्रॅममध्ये नसेल तर शब्दाचे तुकडे पडतात.

इंकस्केपमध्ये ती यंत्रणा आहे. तिथे युनिकोडमध्ये सरळ टाइप करा, नीट दिसतं. मग मजकूर निवडून त्याचा पाथ करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरतात. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी दोन फळ्या वाया घालवून शिकले: शिरोरेषा.

पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसते, पण असते तुकड्यातुकड्यांची. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पाथ केल्यावर ते तसेच चढलेले राहतात. कॅमला वाटतं की या वेगवेगळ्या बंद आकृत्या आहेत, आणि तो प्रत्येक जोडावर बाह्यरेषा काढतो. कोरून झाल्यावर शिरोरेषेत दर अक्षरापाशी उभी खाच दिसते, दात पडल्यासारखी. म्हणून गट मोडून सगळे पाथ निवडायचे आणि युनियन करायचं, म्हणजे ते एकत्र जुळतात. मग बाह्यरेषांचा देखावा चालू करून एकदा बघायचं. आतमध्ये एकही उभी रेघ उरली नाही की समजा शब्द खरोखर एक झाला.

फाँट निवडताना रेषांची जाडी फार कमी-जास्त होणारे टाळा. 'मुक्त' किंवा 'बालू' हे फाँट बघा. दोन्ही 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत आणि खुल्या परवान्याचे आहेत. बालू जाडजूड आणि गोल आहे, छोट्या यंत्राला सोसतो.

वाचनमात्र

अक्षरवेडी, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

नवशिक्या_सुतार

अक्षरवेडीताई, दंडवत. काल एका कॅममध्ये थेट टाइप केलं होतं तर वेलांटी श च्या पुढे जाऊन उभी राहिली आणि रफार खाली उतरून चक्क पाय मोडका र झाला. मला वाटलं माझा कीबोर्डच बिघडला.

वाचनमात्र

वेलांटी पुढे गेली म्हणता? सॉफ्टवेअरला काही सुचवायचं असेल.

नवशिक्या_सुतार

हा हा. आता इंकस्केपमध्ये केलं, युनियन केलं, आत एकही रेघ नाही. पुढे? टोकदार व्ही-बिटने करू का सपाट टोकाच्या साध्या एंडमिलने? सोबत ३० अंशांची टोकदार बिटं आली आहेत.

मिमी

ती ३० अंशांची बिटं मुख्यतः सर्किट बोर्ड खरवडायला असतात. नाजूक असतात, लाकडात टोक चटकन उडतं. ६० किंवा ९० अंशांचं व्ही-बिट घ्या.

व्ही-कार्व्हिंगमध्ये खोली आपण ठरवत नाही, अक्षराची जाडी ठरवते. बिट रेषेच्या मधून चालतं आणि दोन्ही कडांना टेकेपर्यंत खाली जातं. म्हणून जिथे अक्षर जाड तिथे खोल, टोकाशी निमुळतं होत वर येतं. हाताने पटाशीने कोरल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच.

तुमची शिरोरेषा समजा ८ मिमी जाड आहे. ९० अंशांचं बिट ४ मिमी खोल जाईल. ६० अंशांचं तेच करायला जवळपास ७ मिमी जाईल. फळी १२ मिमीची असेल तर हा फरक फार मोठा. आणि बिटाच्या धारेची रुंदी शिरोरेषेपेक्षा कमी असेल तर एका फेरीत ते जमणारच नाही. तेव्हा पहिल्या पाटीला ९० अंश, आणि शिरोरेषा ५-६ मिमीच्या वर नको.

आणखी एक, मापाचं. माझ्याकडे इंकस्केपमध्ये पूर्वी काढलेली एक नक्षी होती, २८० मिमी रुंद. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेली, न मोजता कोरली, भरली २६२.५ मिमी. चौकटीत बसवली तर दोन्हीकडे फटी. कारण असं की इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून एका इंचात ९० ऐवजी ९६ बिंदू धरतात. जुनी फाइल, नवा हिशेब. तेव्हा कॅममध्ये फाइल आली की आधी रुंदी वाचायची, मग पुढचं काही.

चिपलोड

+१. २५.४ पट मोठं किंवा लहान दिसलं तर इंच-मिमीचा घोळ. जी-कोडच्या सुरुवातीला जी२१ दिसलं पाहिजे, जी२० असेल तर यंत्र इंचात विचार करतंय.

या एका पाटीसाठी एफ-एंग्रेव्हही बघा. मोफत आहे, दिसायला अगदी गरीब, पण व्ही-कार्व्हिंग हेच त्याचं काम. इंकस्केपमधून डीएक्सएफ आर१४ या फाइल-प्रकारात साठवा, त्यात उघडा, बिटाचा कोन द्या, हिशेब करायला सांगा. जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

लेझरभाऊ

रच्याकने, या सगळ्यापेक्षा ३०१८ वर लेझर बसवा. व्ही-बिट नको, भुसा नको, क्लॅम्प नको.

भुसाधारी

लेझरने जळतं, कोरलं जात नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि धूर?

लेझरभाऊ

खिडकी उघडायची.

चिपलोड

खिडकीबरोबर त्या तरंगलांबीचा चष्माही घालायचा, नाहीतर पुढचा धागा वाचता येणार नाही. आणि लेझरसाठी जीआरबीएलमध्ये डॉलर ३२ ही सेटिंग १ केली असेल तर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) परत लावताना ० करायला विसरू नका. अवांतर पुरे. वेगळा धागा काढा, तिकडे येतो.

नवशिक्या_सुतार

अडलो. एफ-एंग्रेव्हची पाटी अजून कोरली नाही. त्याआधी सराव म्हणून मिमीताईंच्या सल्ल्याने दुसऱ्या एका कॅममध्ये साधा पॉकेट करून पाहिला. पाठवल्यावर तिसऱ्याच ओळीला "एरर २०" म्हणून यंत्र बसलं. बंद-चालू करून झालं. केबल बदलून झाली.

चिपलोड

त्या ओळीत एम६ आहे का बघा.

नवशिक्या_सुतार

आहे! टी१ एम६.

चिपलोड

एम६ म्हणजे "बिट बदल". साध्या जीआरबीएलला ती आज्ञा येत नाही, म्हणून ती ओळ वाचून ते एरर २० देतं. कॅममध्ये पोस्ट प्रोसेसर म्हणून एक यादी असते, तिथे तुम्ही दुसऱ्याच कुठल्या कंट्रोलरचा निवडला असणार. जीआरबीएल आणि मिमी असं लिहिलेला निवडा. छिद्रं पाडायच्या जी८१ सारख्या तयार आज्ञांचंही तेच, जीआरबीएलला त्या येत नाहीत. चांगला पोस्ट प्रोसेसर त्या साध्या हालचालींत उलगडून देतो.

म्हणून पहिल्याच प्रतिसादात कंट्रोलर विचारला होता. सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी एवढं एकच बघायचं: त्याच्या यादीत आपला कंट्रोलर आहे का.

नवशिक्या_सुतार

चाललं! पॉकेट झाला. ओळ वाचायची असते हेच माहीत नव्हतं, मी आपला केबलला शिव्या देत होतो.

भुसाधारी

अभिनंदन. एम६ साठी गेलेली संध्याकाळ कुठल्या हिशेबात धरायची, मामा?

मुक्तस्रोत_मामा

शिक्षणाच्या. विकतच्या कॅममध्येही चुकीचा पोस्ट निवडता येतो.

भुसाधारी

हे मात्र खरं. मीही निवडला होता.

कुंपणावरचा

दोघं सहमत झाले. तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

रंधामारुती

धागा उशिरा पाहिला. उठावाच्या कामाबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो, कारण पैसे खरे तिथे जातात, आणि वेळ त्याहून जास्त.

नवशिक्याराव, पाटी ही अडीच मितींची गोष्ट आहे: सपाट रेषा आणि त्यांची खोली. तिला फुकटचं पुरतं, याबद्दल मला शंका नाही. उठावाला त्रिमितीतला आकार लागतो, एसटीएल फाइलसारखा. तो एकतर तयार आणायचा किंवा स्वतः घडवायचा. घडवायला ब्लेंडर मोफत आहे, मातीकामासारखं दाबून-ओढून आकार काढता येतो, पण शिकायला महिने जातात. ॲस्पायरचे पैसे आहेत ते या घडवण्याचे. व्हीकार्व्हमध्ये बाहेरचा आकार आणून कोरता येतो, पण नवा घडवता येत नाही. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर कुठल्या आवृत्तीला किती पैसे द्यायचे ते आपोआप ठरतं.

फोटोवरून एका बटनात उठाव होतो असं कुणी दाखवलं तर भुलू नका. ते बहुतेक वेळा उजेड म्हणजे उंच आणि काळोख म्हणजे खोल एवढंच करतं. काळे केस असलेल्या माणसाच्या डोक्यात खड्डा पडतो आणि नाकावर उजेड असेल तर नाकाचं शिखर होतं. मी एका नातेवाइकाचं असं कोरलं होतं. संबंध आता पूर्ववत आहेत.

आणि वेळ. २०० बाय ३०० मिमीचा उठाव, बारीक बॉलनोज (गोल टोकाचं बिट), दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.३ मिमी. म्हणजे ३०० मिमी लांबीच्या सुमारे ६६७ फेऱ्या, एकूण २०० मीटर चाल. मिनिटाला १५०० मिमी या वेगाने सव्वादोन तास, आणि ती फक्त शेवटची सफाई. रफिंग, म्हणजे आधीची ढोबळ कापणी, वेगळं. अंतर ०.१५ केलं की साडेचार तास. त्यात ३०१८ ला तो वेग वळणांवर गाठता येत नाही, म्हणजे आणखी. तुमच्या बेडवर २०० मिमी रुंदी बसत नाही हे माहीत आहे, हिशेबाची कल्पना यावी म्हणून दिलं.

फुकटात करायचं असेल तर एसटीएल घेऊन किरी:मोटो बघा. ब्राउझरमध्ये चालतं, मुक्तस्रोत आहे, उठावाचा टूलपाथ काढतं. पहिलं काम तळहाताएवढं घ्या.

मुक्तस्रोत_मामा

किरी:मोटो माझ्याकडून राहिलंच होतं. धन्यवाद.

करवतकाठी

प्रश्न थोडा वेगळा. फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, किती ठेवायचा हे सॉफ्टवेअर सांगतं का? मी पैसे भरून घेतलेल्याने मला एक आकडा दिला, तसाच ठेवला, लाकूड जळलं.

मिमी

ते बिटाच्या यादीतला ठरावीक आकडा देतं. तुमचं यंत्र किती दणकट आहे हे त्याला कुठून कळणार! हिशेब साधा: स्पिंडलचे फेरे गुणिले धारा गुणिले प्रत्येक धारेने उचलायची चिप, म्हणजेच चिपलोड. १८००० फेरे, २ धारा, ०.०५ मिमी चिप म्हणजे मिनिटाला १८०० मिमी. लाकूड जळतंय याचा अर्थ बिट कापण्याऐवजी घासतंय. फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. लोक घाबरून उलटंच करतात, फीड अजून कमी करतात, मग अजून जळतं. छोट्या यंत्रात फीड वाढवायला मोटरीत जोर नसेल तर एका फेरीची खोली कमी करा. नीट चाललं की पीठ पडत नाही, कीस पडतो.

चिपलोड

माझ्या नावाचा प्रतिसाद दुसऱ्यानेच दिला.

नवशिक्या_सुतार

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय. झाली पाटी!

काय वापरलं ते सांगतो, कुणा माझ्यासारख्याला उपयोग होईल. इंकस्केपमध्ये बालू फाँटमध्ये शब्द, पाथ, युनियन. रुंदी २६० मिमी, तीनदा वाचली. एफ-एंग्रेव्हमध्ये ९० अंशांचं बिट. जी-कोड आधी कॅमोटिक्समध्ये टाकून पडद्यावर कोरून पाहिला, तेही फुकट आहे. मग झेड शून्य, म्हणजे उंचीचा शून्यबिंदू, मुद्दाम १० मिमी वर ठेवून एकदा सगळं हवेत फिरवलं. हे बरं केलं, कारण त्या फेरीत स्पिंडल डावीकडच्या क्लॅम्पवर चढायला निघाला होता. क्लॅम्प सरकवले. मग एमडीएफच्या तुकड्यावर एक, आणि शेवटी सागाच्या फळीवर. पावणेदोन तास लागले. शिरोरेषा एकसंध आली आहे, एकही दात नाही. तेल लावल्यावर तर काय दिसते! फोटो जोडलाय.

पैशांबद्दल: अजून एकही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही. पण भुसाधारींचं म्हणणं आता कळतं. चार प्रोग्रॅममधून फाइल फिरवताना दोनदा चुकलो. व्हीकार्व्हची चाचणी आवृत्ती घातली आहे, त्यात पुढची वेलबुट्टी मांडून बघतोय. अशी पाच-सहा कामं झाली आणि नाद टिकला तर घेईन. एस्टलकॅमही पाहिलं, मला फाइल साठवायला थांबायचा अजून कंटाळा आलेला नाही. उठाव वर्षभराने.

सगळ्यांचे आभार. दारावर उद्या लावणार.

अक्षरवेडी

शिरोरेषा काय सुंदर आली आहे! डोळे निवले.

भुसाधारी

कडा स्वच्छ आहेत. पहिल्या कामाला शंभर मार्क. फळीच्या टोकांनाही तेल पाजा, पाणी तिथूनच शिरतं.

मुक्तस्रोत_मामा

फुकटात झाली. मी एवढंच म्हणेन.

वाचनमात्र

पाटी देखणी आहे. पण उद्या लावायच्या आधी एक. आशीर्वाद. शी दीर्घ.

नवशिक्या_सुतार

काय??

वाचनमात्र

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये पाहिलं होतं. पण धागा सॉफ्टवेअरचा होता, अवांतर नको म्हणून गप्प बसलो. एकदा सूचक बोललो होतो.

अक्षरवेडी

अरे देवा. मी त्या वेलांटीवर एवढा मोठा प्रतिसाद लिहिला आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

कुंपणावरचा

वेलांटी पुढे नेऊन उभी करणारं ते कॅम कोणतं होतं? नाव सांगा, मी विकत घेतो.

नवशिक्या_सुतार

घरात अजून कुणाला बोललो नाहीये. सागाची तेवढी एकच फळी होती.

भुसाधारी

जाडी किती?

नवशिक्या_सुतार

१८ मिमी.

मिमी

शिरोरेषा ६ मिमी असेल तर ३ मिमी खोल गेलं आहे. १५ उरले. फळी उलटी करा, मागची बाजू कोरी आहे.